मेडशीचा रस्ता आणि शेतमालाची ट्रॉली

आश्विन लागला की मेडशीच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी सुरू होते आणि थोड्याच दिवसांत मळलेला माल मालेगाव, वाशीम व अकोल्याच्या बाजारपेठांकडे निघतो. पातूरचा घाट चढून मेडशीस येणारा हा मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ म्हणून ओळखला जातो. तो वाशीम, हिंगोली व नांदेडवरून तेलंगणातील संगारेड्डीकडे जातो. रस्ता रुंद झाला, वाहनांची गती वाढली; ट्रॉली मात्र पूर्वीच्याच चालीने चालते. अपघाताचे मूळ गतीच्या या तफावतीत आहे.

ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारा ट्रक एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापतो. मागे दिवा नसलेली ट्रॉली काळोखात अगदी जवळ येईपर्यंत त्याच्या चालकास दिसत नाही. दुभाजकातील वळणापर्यंतचा फेरा वाचविण्यासाठी काही जण उलट दिशेने ट्रॅक्टर हाकतात. ताशी २० किलोमीटरने जाणारा ट्रॅक्टर व समोरून येणारा तो ट्रक यांच्यामधील १०० मीटरचे अंतर चार सेकंदांच्या आतच संपते. डिझेलची बचत ती किती, आणि तिच्यासाठी पणाला काय लागते, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

यास्तव हंगामापूर्वीच ट्रॉलीच्या मागील बाजूस लाल, दोन्ही अंगांस पिवळी व पुढे पांढरी चकाकणारी पट्टी लावून घ्यावी. हिलाच बाजारात रेडियम म्हणतात. पट्टीवर चिखल बसला अथवा कडब्याच्या पेंढ्या तिच्यावरून लोंबल्या, तर ती असून नसल्यासारखीच होय. चाक पंक्चर झाल्यास ट्रॉली डांबराखाली उतरवावी. चाकाभोवती दगड मांडण्याची जुनी रीत आहे. परंतु ट्रॉली निघून जाते आणि दगड तेथेच राहतात! पुढच्या मोटारसायकलस्वारास ते दिसत नाहीत. अपघात घडलाच तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका व १०३३ वर महामार्गाचे मदत पथक बोलवावे. जखमीस मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. तेव्हा पोलिसांच्या चौकशीच्या धाकाने मागे सरू नये.

रस्त्यावर सोयाबीन वाळविण्याची सवय दुहेरी नुकसानीची आहे. या दाण्याचे टरफल पातळ असते. चाकाखाली त्यास भेगा पडतात व उगवणशक्ती घटते. बियाण्यास तर किमान ७० टक्के उगवण हवी. खळ्यावर ताडपत्री पसरून पातळ थरात, अधूनमधून हलवून माल वाळवावा.

समृद्धी महामार्गाची बाब निराळी आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा मार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला व तो मालेगाव तालुक्यातूनही जातो. संत्रा उत्पादकांस मुंबईची बाजारपेठ त्यामुळे जवळ आली. मात्र त्यावर ट्रॅक्टर, बैलगाडी, दुचाकी व तीनचाकी वाहनांस मनाई असून ठरावीक ठिकाणांखेरीज चढता-उतरता येत नाही. म्हणून माल गावातच ट्रकमध्ये भरावा. एखादा टप्पा कामासाठी बंद ठेवल्यास तेथील वाहने जुन्या रस्त्यांवर येतात. अशा दिवशी ट्रॉली दिवसाउजेडी न्यावी, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात आधीच कळवावे.

शेतातून गावापर्यंत पाणंद मोकळी असेल, तर बरीच ये-जा महामार्गाविनाच होऊ शकते. जुनी वाट कोणी अडविली असल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली, आणि वाटच नसल्यास १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली धुऱ्यावरून रस्ता मिळण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. अर्जास सातबारा व गटाचा नकाशा जोडावा, आणि शक्यतो तो पेरणीपूर्वी, धुरे मोकळे दिसत असतानाच द्यावा.