जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये जागा करा. पट्टी जपा, ब्रेक मोकळा ठेवा

शेतकरी बंधूंनो, कांद्याच्या हंगामात पहाटे सोलापूरच्या बाजार समितीच्या आवारात एक चक्कर मारा. रांगेत जुन्या पिकअप उभ्या दिसतील. हौद्यात पिशव्या कशा नीट रचलेल्या, दोरी आवळून बांधलेल्या! पण केबिनचं दार उघडा. सीटखाली पाने, टॉमी आणि पाण्याची बाटली मोकळी. डॅशबोर्डवर कागदांचा ढीग. शेजारच्या माणसाच्या पायाशी औषधाचा डबा. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "साहेब, जुनी गाडी, खणच नाहीत. ठेवायचं कुठं?"

जागा आहे. ती करून घ्यावी लागते.

आधी कागदाचं बघू. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेल्या लाल कांद्याला शासनानं क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. म्हणजे ७० हजार रुपये झाले. त्यासाठी सातबाऱ्याबरोबर मूळ विक्रीपट्टी मागितली होती. पट्टी डॅशबोर्डवरून उडाली, चिखलात गेली, तर हक्क सांगायचा कशावर? शिवाय वजनकाट्याची चकचकीत कागदावरची पावती उन्हानं पुसट होते. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. काचेखाली ठेवलेली पावती चार दिवसांत कोरी होऊ शकते.

म्हणून पहिलं काम म्हणजे दाराचा कप्पा. कुशनवाल्याकडून जाड रेक्झिनचा, झाकण असलेला कप्पा शिवून दाराला आतून लावून घ्या. काच फिरवायचा दांडा मोकळा राहिला पाहिजे. स्क्रू आखूड वापरा, कारण काच दाराच्या पोटात उतरते. लांब स्क्रू काचेला लागला तर नसतं काम वाढेल. कप्प्यात प्लॅस्टिकची फाईल ठेवा. आरसी, विमा, पीयूसी एका बाजूला, पट्ट्या नि पावत्या दुसऱ्या बाजूला. काट्याच्या पावतीची त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

दुसरं काम सीटच्या पाठीमागचं. बहुतेक जुन्या पिकअपमध्ये सीटची पाठ आणि केबिनचा पत्रा यांच्यात वीतभर फट असते. जुन्या ताडपत्रीची खिशांची पिशवी शिवा, वरच्या कडेला लोखंडी पट्टी घाला आणि ती असलेल्या बोल्टांवर टांगा. पाने, दोरी, टॉर्च, पावसाळी कोट त्यात बसतात. माप घेताना सीट पूर्ण मागं सारून घ्या, नाहीतर पिशवी पाठीला टोचेल. जॅक आणि टॉमी पिशवीत घालू नका, पट्ट्यानं खाली आवळून बांधा. ६० च्या वेगातली गाडी ब्रेक मारल्यावर थांबते, आतला मोकळा जॅक थांबत नाही.

तिसरं काम सीटखालचं. इथं प्लायवूडचा बुटका खोका बसतो. पुढच्या बाजूला झाकण आणि कडी हवीच. तळाच्या पत्र्याला भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा. ब्रेकचा पाईप, डिझेलची नळी, वायरिंग तिथूनच जातं. सीटखाली बॅटरी असेल तर तिथं खोका नकोच.

या खोक्याचं महत्त्व सांगतो. मोकळी बाटली उतारावर घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली गेली, की पेडल दबत नाही. मागं दोन टन माल, पुढं माणसांनी भरलेली एस.टी. मग कुणाला दोष देणार? चालकाच्या पायाजवळ काहीही मोकळं ठेवायचं नाही, हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगा. छताला जाळी लावायचीच असेल तर तिच्यात टॉवेल-टोपीच ठेवा, जड वस्तू नको. आणि जागेच्या हौसेपायी सीट काढणं, पत्रा कापणं टाळा. गाडीच्या मूळ रचनेत बदल केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.

आता औषधाचा डबा. त्याला केबिनमध्ये जागा करायचीच नाही. झाकण सैल असलं की बंद केबिनमध्ये वाफ श्वासातून अंगात जाते, आणि शेजारी भाकरीचं फडकं असतं, कधी लेकरूही असतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरू नका. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणं औषधं खाण्याच्या वस्तूला किंवा जनावरांच्या खाद्याला लागतील अशी नेता येत नाहीत. हौद्याच्या कोपऱ्यात कुलूपवाली पत्र्याची पेटी बोल्टनं बसवा, आणि त्या फेरीत पेंड, कडबा, भाजी तिच्याजवळ ठेवू नका.

ग्रामपंचायतीच्या मंडळींनाही विनंती, की पुढच्या ग्रामसभेला गावातल्या पिकअपवाल्यांना बोलवा आणि एखादी गाडी सर्वांसमोर उघडून दाखवा. सांगण्यापेक्षा बघून लवकर पटतं.

बंधूंनो, यात मोठा खर्च नाही. जुनी ताडपत्री, थोडं रेक्झिन, प्लायवूडचा तुकडा नि एका दिवसाची मजुरी. पुढचा माल भरायच्या आधी हे उरकून घ्या. हौदा जितक्या काळजीनं भरता, तितक्याच काळजीनं केबिन लावा.