संदर्भांची मोजदाद आणि संशोधनाचे मोल

संशोधकाने किती निबंध प्रसिद्ध केले आणि इतरांनी त्यांचा संदर्भ किती वेळा दिला, या दोन आकड्यांत त्याचे कर्तृत्व सामावते, अशी समजूत विद्यापीठांच्या निवड समित्यांमध्ये दृढ होत चालली आहे. वैद्यकीय संशोधनात तर तिला जवळजवळ नियमाचे रूप आले आहे. ही समजूत पारखून घेण्यास डॉ. शंभूनाथ डे यांच्या कार्याइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण.

पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात ओळखला; परंतु तो माणसाचा जीव कसा घेतो, हे पुढे पाऊणशे वर्षे गूढच राहिले. डे हे कलकत्ता मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक. सशाच्या आतड्याचा काही भाग दोन्ही टोकांना बांधून त्यात जंतू सोडले, तर तेथे द्रव साचतो, हे त्यांनी १९५३ मध्ये दाखविले. १९५९ मध्ये ‘नेचर’मधील निबंधात, जंतू गाळून काढलेल्या द्रावणानेही तेच घडते, हे त्यांनी सिद्ध केले. म्हणजे जंतू विष निर्माण करतो, ते आतड्यातच कार्य करते, आणि रोगी दगावतो तो शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता व त्यांचे सहकारी सशाच्या पिलांवर प्रयोग करून याच विषाचा माग काढीत होते, हेही येथे नोंदविले पाहिजे.

या निबंधाची दखल प्रारंभीची काही वर्षे फारशी कोणी घेतली नाही. डे १९७३ मध्ये निवृत्त झाले. नोबेल प्रतिष्ठानाच्या पटकीविषयक परिसंवादाचे निमंत्रण त्यांना १९७८ मध्ये आले. नोबेल पुरस्कारासाठी जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव सुचविले होते. परंतु १९८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत भारतातील एकाही विज्ञान अकादमीला त्यांना सदस्यत्व द्यावेसे वाटले नाही.

याच्या उलट टोकाला ऑलिव्हर लाउरी यांचा १९५१ चा निबंध आहे. प्रथिने मोजण्याची एक सोयीची पद्धत त्यात सांगितली आहे, आणि त्याला तीन लाखांहून अधिक संदर्भ मिळाले. तो काही थोर निबंध नव्हे, असे खुद्द लाउरी यांचेच मत होते. पद्धत ज्याला त्याला लागते, म्हणून तिचा उल्लेख होतो. अर्थशास्त्रात उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य असा भेद आहे. पाणी अमूल्य असूनही स्वस्त असते. संदर्भांची संख्याही चलनाचे मोजमाप आहे, मोलाचे नव्हे.

मग ही मोजदाद निरर्थक समजावी काय? तसे मुळीच नाही. संदर्भसूचीचे जनक यूजीन गारफील्ड यांनीच १९८६ मध्ये पटकीवरील संशोधनाचा आलेख मांडून त्यातील डे यांचे स्थान जगाच्या निदर्शनास आणले. ज्या साधनाने माणूस दुर्लक्षित ठरू शकतो, त्याच साधनाने त्याला न्यायही मिळाला. फरक एवढाच, की गारफील्ड यांनी आकड्यामागचे विज्ञान समजून घेतले होते.

निर्देशांकच उद्दिष्ट झाला की त्याची विश्वासार्हता ढासळते, हे चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात दाखविले. आपल्याकडे त्याचा प्रत्यय यावयास वेळ लागला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये पदोन्नतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली आणि पैसे घेऊन निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक माजले. त्याला आवर घालण्यासाठी नियतकालिकांची सूची केली गेली. २०२५ मध्ये तीही मोडीत काढावी लागली. सूची बदलल्याने वृत्ती बदलत नाही.

उमेदवाराने आपले तीन निबंध निवडावेत आणि समितीने ते वाचून आपले मत लेखी नोंदवावे, एवढे बंधन घातले तरी पुष्कळ साधेल. आकडा साक्षीदार म्हणून अवश्य बोलवावा; त्याला न्यायासनावर बसवू नये. पटकीने दगावणारा रोगी संदर्भांच्या संख्येने वाचत नाही, तो ज्ञानाने वाचतो. आणि ते ज्ञान ओळखण्याची जबाबदारी वाचणाऱ्या माणसांवरच राहते.