आधी बी, मग भांडं

आदिलाबाद जिल्ह्यातल्या उटनूरमध्ये गोंडी, तेलुगू, मराठी, उर्दू अशा अनेक भाषा कानावर पडतात आणि सगळ्यांत मागितला जातो तो चहाच. कॉफी म्हटलं की बहुतेक घरांत दुधात ढवळलेली इन्स्टंट पूड. तरीही पोअर-ओव्हर, म्हणजे वरून पाणी ओतून गाळायची कॉफी, शहरापेक्षा अशा लहान गावाला जास्त सोयीची आहे, असं माझं ठाम मत आहे. तिला कॅफे लागत नाही, दुरुस्तीला न्यायचं यंत्र लागत नाही, वीजही लागत नाही. गॅसवर तापवलेलं पाणी, एक शंकू, एक कागद आणि ताजी कॉफी एवढ्यावर भागतं.

ही पद्धत जन्मलीही स्वयंपाकघरातच. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीला कपाच्या तळाचा गाळ नको होता. तिनं पितळी भांड्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद आत घातला आणि 1908 मध्ये पेटंट घेतलं. तत्त्व आजही तेच आहे : पाणी कॉफीतून पुढे सरकत राहतं, मुरत बसत नाही. आपल्या ओळखीच्या स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरमध्ये बारीक पूड दाबून बसवतात, पाणी सावकाश झिरपतं आणि दाट डिकॉक्शन मिळतं. ते दुधासाठीच असतं. घरात सगळ्यांना दुधाचीच कॉफी लागत असेल, तर तो फिल्टरच उत्तम, नवं काही घेऊ नका. पोअर-ओव्हर ही पातळ, स्वच्छ, काळी प्यायची कॉफी आहे. दूध घातलं की तिची चव बुडते.

ड्रिपर, म्हणजे कागद बसवायचा शंकू, निवडताना आकाराकडे बघा. हारिओ या जपानी कंपनीच्या व्ही-60 ला 60 अंशांचा शंकू आणि तळाशी एकच मोठं भोक असतं. त्यामुळे पाण्याचा वेग तुमचा हात ठरवतो. हात बसला की सुंदर कॉफी होते, तोवर रोज वेगळी. कलिता वेव्ह या ड्रिपरचं बूड सपाट, भोकं तीन आणि लहान, म्हणून ओतण्यातली चूक ते सांभाळून घेतं. मेलिटाच्या धाटणीचा चपट्या टोकाचा ड्रिपरही तसाच. पीटर श्लुमबोम यांनी 1941 मध्ये काढलेलं काचेचं केमेक्स देखणं आहे, पण त्याचा जाड कागद आणि नाजूक काच लांबून मागवणाऱ्याला जड जाते. सुरुवात करणाऱ्यानं सपाट किंवा चपट्या बुडाचा प्लास्टिकचा ड्रिपर घ्यावा. तो फुटत नाही आणि पाण्याची उष्णता कमी खातो. आदिलाबादची थंडी तेलंगणात सर्वांत कडक म्हणून ओळखली जाते. डिसेंबरच्या सकाळी गारठलेला चिनी मातीचा शंकू आधी गरम पाण्यानं तापवूनच घ्यावा लागतो.

कागद मात्र विसरू नका. प्रत्येक ड्रिपरचा कागद वेगळा असतो आणि तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. ज्याचे कागद सहज पोस्टानं येतात तोच ड्रिपर घ्या आणि शंभराचं पाकीट सोबतच मागवा. हा कागद गाळाबरोबर कॉफीतलं तेलही अडवतो. कोलेस्टेरॉल वाढवणारं कॅफेस्टॉल त्या तेलातच असतं.

खरा खर्च ग्राइंडरवर करा. मिक्सरच्या पात्यानं अर्धी धूळ होते, अर्धे तुकडे राहतात. धुळीतून कडूपणा उतरतो, तुकड्यांतून आंबटपणा. दात्यांचा हातानं फिरवायचा ग्राइंडर सारखी पूड देतो.

मग 15 ग्रॅम बी रव्याएवढी दळा. कागद गरम पाण्यानं भिजवून ते पाणी फेका. उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबा. पहिल्यांदा फक्त 30-40 मिलिलिटर पाणी घाला आणि तितकेच सेकंद थांबा. भाजताना बीमध्ये अडकलेला वायू सुटतो आणि पूड फुगते. ती फुगलीच नाही, तर बी शिळी समजावी. उरलेलं पाणी बारीक धारेनं दोन-तीन वेळा मिळून एकूण 240 मिलिलिटरपर्यंत घाला. सगळं तीन मिनिटांच्या आसपास उतरावं. आंबट लागली तर बारीक दळा, कडू लागली तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला. बोअरच्या जड पाण्यातले क्षार कॉफीतली फळासारखी आंबटगोड चव मारतात, म्हणून क्षार कमी केलेलं पिण्याचं पाणी वापरा.

आता बी. उटनूरला जशी आदिवासी विकासाची एकात्मिक संस्था, आयटीडीए, आहे तशीच आंध्रात पाडेरूला आहे. तिच्या क्षेत्रातल्या पूर्व घाटात आदिवासी शेतकरी सिल्व्हर ओकच्या सावलीत अरेबिका जातीची कॉफी पिकवतात. त्याच झाडांवर मिरीचे वेल चढतात. अराकू खोऱ्याच्या या कॉफीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रात मेळघाटातल्या चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते. आदिलाबादच्या डोंगरांना अरेबिकेला हवी तेवढी उंची नाही, पण ज्या शेतकऱ्यांचं जगणं इथल्या वाड्यांतल्यासारखंच आहे, त्यांची कॉफी तरी आपल्या कपात यावी असं मला मनापासून वाटतं.

पाकीट घेताना दोन ओळी वाचा. कॉफीत मिसळलेल्या चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं आणि मिश्रणात ती 49 टक्क्यांपर्यंत असू शकते. ड्रिपरसाठी चिकोरी अजिबात नको, तिच्यानं पाणी अडतं. दुसरी ओळ भाजल्याच्या तारखेची. ती नसेल तर पाकीट घेऊ नका, अन् असेल तर महिन्याभरात संपेल एवढंच घ्या.