हातातलं यंत्र (लेखांक ९) : पस्तीस अंशांपुढचा फोन

इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीहून एक पत्र आलं आहे. पत्र एकाचं, वाद दोघांचा. थोरला चुलतभाऊ पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो, धाकटा गावी डाळिंबाची बाग आणि पानमळा बघतो. ९ सप्टेंबर २०२५ च्या रात्री ॲपलने आयफोन १७ जाहीर केला आणि तेव्हापासून दोघांचं सुरू आहे. थोरला म्हणतो, “या वेळी साध्या मॉडेललाच सगळं दिलंय. मी घेतो, माझा जुना तुला.” धाकट्याचं म्हणणं, “दादा, तुझ्या फोनवर दुपारी बागेत मला काही दिसत नाही. नव्यावर दिसणार असलं तर बोल.”

नव्या फोनबद्दल त्यानंतरच्या पंधरवड्यात जे काही लिहिलं-बोललं गेलं, त्यात मला हा सगळ्यात चांगला प्रश्न वाटला. म्हणून ठरलेला विषय पुढे ढकलून हा लेखांक त्याच्यासाठी.

आधी जाहीर काय झालं ते पाहू. आयफोन १७, आयफोन एअर, १७ प्रो आणि १७ प्रो मॅक्स असे चार फोन. विक्री १९ सप्टेंबरपासून. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) ॲपलच्या दुकानासमोर त्या दिवशी पहाटेच रांगा होत्या. पुण्यात कोरेगाव पार्कचं ॲपलचं दुकान तर ४ सप्टेंबरलाच उघडलं होतं. साध्या १७ मध्ये साठवण २५६ जीबीपासून सुरू होते, पडदा ६.३ इंचांचा आहे आणि तो सेकंदाला १२० वेळा ताजा होतो. थोरल्याला या १२० चं फार अप्रूप आहे. वीस हजारांच्या अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय कित्येक वर्षं आहे. ॲपलने साध्या मॉडेलला ती १७ पासून दिली. बोटाने मजकूर वर सरकवताना डोळ्यांना बरं वाटतं, यापलीकडे तिचा उपयोग नाही.

किमतीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे दोघांचंही चुकतंय. “अमेरिकेत स्वस्त आणि आपल्याला मात्र लुटतात” हे वाक्य पत्रात दोनदा आलं आहे. गणित करून बघू. साधा १७ अमेरिकेत ७९९ डॉलरला आला आणि त्यात तिथला विक्रीकर धरलेला नसतो. डॉलर तेव्हाच्या ८८ रुपयांच्या आसपास धरला तर झाले सुमारे ७०,३०० रुपये. त्यावर आपला १८ टक्के जीएसटी चढवला की रक्कम ८३,००० च्या घरात जाते. इथली जाहीर झालेली किंमत होती ८२,९००. म्हणजे साध्या मॉडेलच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. प्रोच्या बाबतीत आहे. त्याचे १,०९९ डॉलर याच हिशेबाने १,१४,००० रुपयांच्या आसपास येतात आणि इथे तो १,३४,९०० ला आला. वरच्या वीस हजारांचा हिशेब ना कराने लागतो ना डॉलरच्या भावाने. २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे दर बदलले, मोठ्या टीव्हीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मोबाइलवरचा १८ टक्के होता तसाच राहिला. तेव्हा “जीएसटी कमी झालाय, थांबू जरा” या आशेवर कोणी राहू नये.

धाकट्याच्या शिवारातल्या मापात सांगायचं तर २०२५-२६ च्या हंगामाची उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये होती. साधा १७ म्हणजे जवळपास साडेतेवीस टन ऊस, आणि त्यातून तोडणी-वाहतूक अजून वजा व्हायची आहे.

आता मूळ प्रश्न. उन्हात दिसणार का?

पडद्याचा उजेड निट या मापात मोजतात. घरात, सावलीत चारपाचशे निट पुष्कळ झाले. भर दुपारचं ऊन मात्र एक लाख लक्सच्या आसपास असतं आणि त्यातला काही भाग काचेवरून परत आपल्या डोळ्यांत येतो. त्या परतलेल्या उजेडावर पडद्याच्या उजेडाने मात केली तरच अक्षर दिसतं. आयफोन १७ चा पडदा उन्हात ३,००० निटपर्यंत चढतो. १६ चा २,००० पर्यंत चढायचा. शिवाय काचेवर चकाकी कमी करणारा थर दिला आहे. म्हणजे धाकट्याला उत्तर ‘दिसेल’ असंच द्यायला हवं, आणि चार वर्षांपूर्वीच्या फोनपेक्षा कितीतरी चांगलं दिसेल.

पण किती वेळ? जाहिरातीच्या कागदावर हे नसतं. ते ॲपलच्याच सूचनांमध्ये वेगळ्या पानावर आहे: फोन वापरायचा तो ० ते ३५ अंश सेल्सियस तापमानात. सॅमसंगही तीच मर्यादा सांगते. इंदापूर तालुका पर्जन्यछायेचा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि तोही सावलीतला पारा. थेट उन्हात धरलेली काळी काच त्याहून कितीतरी तापते. अशा वेळी फोन स्वतःला वाचवायला लागतो. पहिल्यांदा तो पडदा मंद करतो. मग प्रोसेसर हळू चालवतो, कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद करतो, चार्जिंग थांबवतो, आणि तरीही तापत राहिला तर सूचना दाखवून बाकीची कामं बंद करतो.

त्यात गोम अशी की ३,००० निट उजेड पाडायला पडदा स्वतःच बरीच वीज खातो आणि ती वीज उष्णता होऊन फोनमध्येच राहते. ज्या उन्हासाठी तो उजेड दिला, त्याच उन्हात तो सगळ्यात आधी कापला जातो. सप्टेंबरातल्या ढगाळ दुपारी दुकानाच्या दारात फोन झळाळताना दिसेल. मेमध्ये डाळिंबाच्या दोन ओळींत उभं राहून सातबारा उघडला तर थोड्या वेळात पडदा मिणमिणता होईल. फोन बिघडला असं समजून लोक दुकानात जातात. तो बिघडलेला नसतो, तापलेला असतो. अशा वेळी त्याला फ्रिजमध्ये ठेवू नका, ओल्या फडक्यात गुंडाळू नका. आत बाष्प धरतं. कव्हर काढायचं, सावलीत ठेवायचं, दहा मिनिटं विसरायचं. धाकट्याकडे ही सावली आयती आहे. पानमळ्यात शेवरी, हादगा, पांगारा यांच्या दाट छायेत वेल वाढतात; तिथे याच फोनचं याच दुपारी काही बिघडत नाही.

प्रोमध्ये यावर एक उपाय केला आहे: ॲल्युमिनियमची काया आणि आत वाफेचा कप्पा. चपट्या बंद डबीत अगदी थोडं शुद्ध पाणी असतं. चिपजवळ त्याची वाफ होते, ती थंड बाजूला जाऊन पुन्हा पाणी होते आणि उष्णता एका जागी न साचता सगळ्या अंगभर पसरते. व्हिडिओ करणाऱ्यांना, गेम खेळणाऱ्यांना याचा खरा फायदा आहे. पण ही डबी उष्णता पसरवते, गिळत नाही. बाहेरची हवाच ४२ अंश असेल तर पसरवून ती टाकायची कुठे? बागेतल्या उन्हासाठी प्रो घेणं म्हणजे वरचे पन्नास हजार वाया.

धाकट्याचा दुसरा मुद्दा कॅमेऱ्याचा आहे, आणि तो त्याने फार नेमका मांडला आहे. डाळिंबावर तेल्या रोगाची शंका आली की तो पानाचा, फळाचा फोटो काढून सल्लागाराला पाठवतो. पानावरचा तेलकट, पाणथळ ठिपका सुरुवातीला अगदी बारीक असतो. फळावर तो काळपट होतो आणि तिथे इंग्रजी वाय किंवा एल अक्षरासारखी चीर पडते. फोटोत तो ठिपका स्वच्छ आला तर निदान लवकर होतं, फवारणी वेळेवर होते. पुसट आला तर “उद्या परत पाठवा” असं उत्तर येतं, आणि पावसाळी हवेत एक दिवससुद्धा महाग पडतो.

इथे मेगापिक्सेल कामाला येत नाहीत. ४८ किंवा ५० मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा फार जवळच्या वस्तूवर नजर धरू शकत नाही. फोन ठिपक्याजवळ नेला की मागचं खोड स्पष्ट आणि ठिपका अंधुक. जवळून टिपायला मॅक्रो लागतो. आयफोन १७ मध्ये तो अतिरुंद कोनाच्या ४८ मेगापिक्सेल कॅमेऱ्यातून मिळतो आणि चांगला मिळतो. आयफोन एअरमध्ये मागे एकच कॅमेरा, अतिरुंद कोनाचा नाही, म्हणून मॅक्रोही नाही. आणि जाहीर झालेली किंमत १,१९,९००. ५.६ मिलिमीटर जाडीचं कौतुक असेल त्याने तो घ्यावा, शेतीच्या कामाचा तो नाही. स्वस्त फोनमध्ये ‘मॅक्रो’ म्हणून २ मेगापिक्सेलचा वेगळा डोळा लावलेला असतो, तोही जवळजवळ शोभेचा.

मग स्वस्त फोनवाल्याने करायचं काय? एक वीत मागे सरायचं, दुप्पट झूम करायचं, पानावर स्वतःच्या अंगाची सावली पाडायची, ठिपक्यावर बोट टेकवून नजर धरू द्यायची आणि मग टिपायचं. फोटो तीन पाठवायचे: अख्खं झाड, फांदी, ठिपका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, व्हॉट्सॲपवर पाठवताना वरचं ‘एचडी’ दाबायचं किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून जोडायचा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला ४८ मेगापिक्सेलचा फोटो पलीकडे जेमतेम दोन मेगापिक्सेलचा होऊन पोचतो. ब्याऐंशी हजारांचा कॅमेरा एका बटणापायी आठ हजारांचा होतो, हे मी अनेकांच्या फोनवर पाहिलं आहे.

एअरबद्दल आणखी एक. त्यात सिमकार्डाची खाचच नाही, फक्त ई-सिम. गावाकडे बॅटरी संपली किंवा फोन पाण्यात पडला की आपण सिम काढून बटणाच्या फोनमध्ये घालतो आणि पाण्याच्या मोटारीच्या मोबाइल स्टार्टरला फोन लावतो. ई-सिममध्ये हे शक्य नाही.

आयफोनवरचा आयपी ६८ हा पाणी-धूळ रोखण्याचा शिक्काही नीट समजून घ्यावा. सहा मीटर पाण्यात अर्धा तास ही चाचणी साध्या स्वच्छ पाण्यातली आहे. फवारणीच्या टाकीत किंवा विद्राव्य खताच्या पिंपात पडलेल्या फोनला ती लागू नाही, आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. तसंच मोटारसायकलच्या हँडलला फोन अडकवून फिरण्याचं. इंजिनाच्या जोरदार थरथरीने कॅमेऱ्यातली स्थिरता राखणारी यंत्रणा खराब होऊ शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्येच दिला आहे. बारामती-इंदापूर रस्त्यावर असे हँडलला लावलेले फोन हवे तेवढे दिसतात. खिशात ठेवा.

नेटवर्कवर दोघांचं चाललेलं भांडण मी दोन वाक्यांत मिटवतो. तुकोबांची पालखी निमगाव केतकीत मुक्कामाला येते तेव्हा फोन लागत नाहीत, ते टॉवरची क्षमता लाखोंच्या गर्दीला पुरत नाही म्हणून. कुठल्याही नव्या चिपने त्यात फरक पडणार नाही. जिओचं सिम असेल तर फोन ७०० मेगाहर्ट्झचा ५जी पट्टा धरतो का एवढं मात्र बघा, कारण विखुरलेल्या वस्त्यांपर्यंत लांब पोचणारा पट्टा तोच आहे.

थोरल्याच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा उरतो, आणि त्याने तो मांडलेलाच नाही: फोन किती वर्षं चालेल. २०१४ सालच्या आयफोन ६ वर व्हॉट्सॲप चालायचं थांबलं ते २०२५ मध्ये. सुरक्षेचे अपडेट थांबले की पैशाच्या व्यवहाराचे ॲप एकेक करून साथ सोडतात, आणि पानांच्या बाजारात आता यूपीआयशिवाय दिवस जात नाही. खेड्यात फोन एकाच्या हातात संपत नाही. तो मुलाकडून आईकडे, आईकडून आजोबांकडे जातो. म्हणून अपडेटची वर्षं ही किंमत आणि कॅमेऱ्याइतकीच मोठी बाब आहे. आता अँड्रॉइडवालेही जागे झाले आहेत. २०२५ च्या ऑगस्टअखेर १८,९९९ रुपयांपासून आलेल्या सॅमसंगच्या गॅलेक्सी ए१७ ला सहा वर्षांचे अपडेट कबूल केले आहेत. त्याचा पडदा आयफोनइतका झळाळणार नाही, त्याचा मॅक्रो दोनच मेगापिक्सेलचा आहे, हे धरूनही हा सौदा कमी नाही.

माझा कौल असा. थोरल्याने फोन घ्यायचाच असेल तर साधा १७ घ्यावा; एअर आणि प्रो सोडून द्यावेत. धाकट्याने दादाचा जुना फोन घेऊ नये, कारण त्याची तक्रार त्या फोनच्या पडद्याची आहे आणि ती तशीच राहील. वीस हजारांच्या आतबाहेर, सहा वर्षं अपडेट मिळणारा आणि इंदापूर किंवा बारामतीत दुरुस्त होणारा फोन त्याने घ्यावा, आणि राहिलेले पैसे बागेत घालावेत.

पुढच्या लेखांकात वापरलेला फोन घेताना काय तपासायचं ते पाहू. तोवर कुणी नवा फोन बघायला जाणार असाल तर दुपारी जा, आणि फोन दुकानाच्या बाहेर उन्हात नेऊन दहा मिनिटं हातात धरा. दुकानदार बाहेर नेऊ देत नसेल तर दुसरं दुकान बघा.