गुळानं जंत होत नाहीत

पिल्लाला कुणी बिस्किट दिलं की घरातलं एक माणूस हमखास म्हणतं, "गोड नका देऊ, जंत होतील." लहान मुलांच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं हे वाक्य कुत्र्यामांजरांना वारसाहक्कानं मिळालं आहे. साखरेतून, गुळातून किंवा दुधातून जंत तयार होत नाहीत. जंताचं अंडं किंवा अळी प्राण्याच्या शरीरात शिरावी लागते. तोंडातून, कातडीतून, आईच्या दुधातून नाहीतर थेट गर्भात असताना. बिस्किट न देण्याची कारणं निराळी आहेत आणि ती रास्त आहेत. पण बिस्किट बंद केलं म्हणून जंताचं औषध टाळलं, तर पिल्लू काही दिवसांत फुगलेलं पोट घेऊन दवाखान्यात येतं.

जंत, पिसवा आणि गोचिडी यांच्याबाबतचे बहुतेक गैरसमज एकाच सवयीतून येतात. आपण फक्त प्राण्याकडे पाहतो, आणि या जिवांचा निम्म्याहून जास्त संसार प्राण्याच्या अंगाबाहेर चाललेला असतो. मातीत, गादीखाली, भिंतीच्या भेगेत.

"एवढंसं पिल्लू, अजून उंबरठा ओलांडलेला नाही, त्याला कसले जंत?" याचं उत्तर त्याच्या आईत आहे. टोक्सोकारा जातीच्या गोलकृमीच्या अळ्या कुत्रीच्या स्नायूंमध्ये निपचित पडून राहतात. ती गाभण राहिली की शेवटच्या काही आठवड्यांत त्या जाग्या होतात आणि वारेतून गर्भात उतरतात. म्हणजे पिल्लू जंत घेऊनच जन्माला येतं, मग आई कितीही स्वच्छ घरातली असो. म्हणून पहिला डोस दोन आठवड्यांच्या वयात, मग दोन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा, असं वेळापत्रक ठरलेलं आहे. मांजरीच्या पिल्लांना हा जंत गर्भात होत नाही, दुधातून होतो. त्यांची सुरुवात तिसऱ्या आठवड्यात. अंकुशकृमी याहून वाईट. तो आतड्याला चिकटून रक्त पितो. गुलाबी दिसायला हव्यात त्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर त्या पिल्लाला उद्यावर ढकलू नका.

"लस दिली आहे, सगळी इंजेक्शनं झाली आहेत" हे वाक्य जंतांच्या संदर्भात निरर्थक आहे. रेबीज, पार्व्हो, डिस्टेंपर यांच्या लसींचा जंतांशी आणि गोचिडींशी काही संबंध नाही. आणि जंताचं औषध म्हणजेही लस नव्हे. गोळी दिली त्या वेळी आतड्यात जे जंत होते ते मरतात. औषध शरीराबाहेर गेलं की पुढची अळी यायला मोकळी. मोठ्या कुत्र्यामांजरांना साधारण दर तीन महिन्यांनी डोस द्यावा असं सांगतात ते याचसाठी. डोस वजनावर ठरतो, तेव्हा "कुत्र्याची अर्धी गोळी मांजराला" हा हिशोब घरी करू नये.

शीमध्ये काही वळवळताना दिसलं नाही म्हणून जंत नाहीत, असंही नाही. गोलकृमी आणि अंकुशकृमी यांची अंडी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. हरभऱ्याएवढी ताजी शी स्वच्छ डबीत घालून दवाखान्यात द्यावी, तपासणी फार महाग नसते. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही ती होते. नुसत्या डोळ्यांना दिसतात ते पट्टकृमीचे तुकडे: शेपटीखालच्या केसांना चिकटलेले, भाताच्या वाळक्या शितांसारखे. हा पट्टकृमी पिसवेतून येतो. अंग चाटताना कुत्रं पिसू गिळतं आणि तिच्यातली अळी पोटात जाते. पिसवा तशाच ठेवून जंताच्या गोळ्या कितीही चारल्या तरी महिन्याभरात शितं परत दिसतात, आणि दोष मात्र गोळीला मिळतो. कुत्रं ढुंगण घासत चाललं की जंतच असणार, हाही अंदाज बरेचदा चुकतो. गुदद्वाराजवळच्या ग्रंथी तुंबल्या की ते तसंच करतं.

आता पिसवा. अंगावर चार दिसल्या तर त्या घरातल्या पिसवांच्या विसाव्या भागाइतक्याही नसतात. बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोश होऊन चादरीत, सोफ्याच्या सांध्यात, पायपुसण्यात असतात. कोशातली पिसू महिनोन्‌महिने थांबू शकते. म्हणून नुसत्या आंघोळीनं भागत नाही. केसांतले काळे दाणे पिसवांची घाण आहेत की नुसती माती, हे ओल्या पांढऱ्या कापसावर चोळून पाहा. तांबूस डाग पसरला तर ते पचलेलं रक्त आहे.

गोचिडींची गोष्ट जरा विस्तारानं सांगायला हवी, कारण आपल्याकडे कुत्र्यांचा सर्वांत मोठा शत्रू तीच आहे. घरात येते ती बहुतेक वेळा तपकिरी गोचीड. सहा पायांची अळी, आठ पायांची पिल्लू अवस्था आणि प्रौढ, अशा तीन वेळा ती कुत्र्यावर चढून रक्त पिते, आणि पहिल्या दोन्ही वेळी खाली उतरून कात टाकते. रक्तानं टम्म फुगलेली मादी शेवटी उतरते ती अंडी घालायला, एका दमात दोन-चार हजार. तिला जमिनीपेक्षा उंची आवडते. भिंतीवरून सरपटत ती खिडकीच्या चौकटीत, फरशीच्या पट्टीमागे, भिंतीवरच्या कॅलेंडरमागे जाते. प्रौढ गोचीड उपाशीपोटी वर्षभरही तग धरते. त्यामुळे "कुत्र्याच्या सगळ्या गोचिडी वेचल्या" यानं अर्धंच काम झालेलं असतं, आणि "पावसाळ्यातच होतात" हेही खरं नाही. आपला हिवाळा त्यांना मारण्याइतका कडक कुठे असतो? औषध बारा महिने चालू ठेवावं लागतं.

वेचण्याच्या पद्धतीतही गोंधळ आहे. रॉकेल, गरम काडी, तेल यांनी गोचीड पटकन सुटत नाही. उलट डिवचली की ती लाळ जखमेत सोडण्याची भीती असते. बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ, सावकाश ओढायची, बोटांनी चिरडायची नाही आणि स्पिरिटमध्ये टाकायची. कानाच्या घडीत, पायाच्या बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली आधी पाहा.

घरगुती उपायांत लसूण सर्वांत लोकप्रिय, आणि तोच सोडायला हवा. कांदा-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, मांजराच्या त्याहून लवकर. गोचीड मात्र त्या वासानं पळत नाही. गावाकडे गुरांच्या गोचिडींचं औषध अंदाजानं पाण्यात कालवून कुत्र्याला न्हाऊ घालतात, ते अंग चाटणाऱ्या प्राण्याला विषच ठरू शकतं. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं पर्मेथ्रिनचं औषध मांजरावर कधीच टाकू नये. मांजराच्या यकृताला ते पुरेसं पचवता येत नाही. काही तासांत थरथर सुरू होते, मग झटके येतात. चुकून टाकलंच तर भांड्यांच्या साबणानं, कोमट पाण्यात लगेच धुवा आणि दवाखाना गाठा. आयव्हरमेक्टिन ज्यातून आलं त्या शोधाला २०१५ चं नोबेल मिळालं, म्हणून ते कुणालाही टोचावं असं नाही. कुत्र्यांच्या कोली जातीत आणि तिच्या नात्यातल्या काही जातींत जनुकातल्या दोषामुळे ते मेंदूत शिरतं.

महिन्याला किंवा तीन महिन्यांना एक अशा गोचिडींवरच्या नव्या चघळायच्या गोळ्या मात्र चांगल्या चालतात. त्यांच्याबद्दलची तक्रार अशी, "गोळी देऊनही गोचीड दिसली." दिसणारच. ते औषध रक्तात असतं, गोचीड चावल्यावर मरते, चढायच्या आधी नाही. कुत्र्याला फिट्स येत असतील तर ही गोळी देण्याआधी डॉक्टरांना सांगा, कारण या गटातल्या औषधांनी क्वचित झटके येतात.

गोचीड तापात सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे "गोचिडी काढून महिना झाला, आता काय?" गोचिडीतून येणारा एर्लिकिया हा जीवाणू तिच्या चाव्यानंतर एक ते तीन आठवड्यांत ताप आणतो, आणि नंतर महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं शरीरात दबून राहतो. कुत्रं जरा सुस्त, जरा कमी खाणारं, एवढंच. एक दिवस नाकातून रक्त येतं किंवा प्लेटलेट्स धोकादायक खाली गेलेल्या सापडतात. यावरचं नेहमीचं औषध डॉक्सीसायक्लिन, साधारण चार आठवड्यांचं; तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून थांबवायचं नसतं. गोचिडीतूनच येणाऱ्या बाबेसिया या दुसऱ्या जिवाला वेगळं औषध लागतं, म्हणून रक्त न तपासता शेजाऱ्याच्या कुत्र्याची चिठ्ठी वापरू नये.

सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाचं नाव झाल्यावर कोकणात अनेकांनी कुत्र्यांकडे संशयानं पाहायला सुरुवात केली. क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली सापडलेला या तापाचा विषाणू पसरवते ती मुख्यतः जंगलातली वेगळी गोचीड, घरातली तपकिरी नव्हे. रानातून परतलेल्या कुत्र्याचं अंग पाहणं शहाणपणाचंच. तपकिरी गोचीडही माणसाला क्वचित चावते आणि टिक टायफस देऊ शकते, तेव्हा ती हातानं चिरडू नये हे पुन्हा सांगतो.

राहिलं मांजर आणि गरोदर बाई. घरात गोड बातमी आली की मांजर हलवण्याची घाई सुरू होते. मांजराच्या शीतून येणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा धोका खरा आहे, पण त्याचा रस्ता बहुतेकांना वाटतो तो नाही. मांजर साधारणपणे आयुष्यात एकदा, पहिल्या लागणीनंतर, एक ते तीन आठवडे या परजीवीचं बीज शीतून टाकतं. आणि ताजं बीज लागण करत नाही, त्याला पिकायला एक ते पाच दिवस लागतात. मांजराला कुरवाळून हा आजार होत नाही. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मटण, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती हे त्याचे मोठे रस्ते. मांजराचा ट्रे रोज स्वच्छ करावा, शक्यतो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी. गरोदर बाईलाच करावा लागला तर हातमोजे घालून, नंतर साबणानं हात धुऊन. मांजरालाही कच्चं मांस देऊ नये आणि उंदरांच्या मागे बाहेर सोडू नये. मांजर कुणाकडे पाठवायची गरज नाही.