आधी टेप, मग रंग!

मित्रहो, सबमिशनच्या गडबडीतून जरा डोकं वर काढा आणि आपल्या रीडिंग रूमच्या पार्टिशनकडे बघा. बाथरूमच्या बाजूला छताजवळ एक उभा फुगवटा दिसेल, आणि त्यातून लोंबणारी कागदी पट्टी. 'रंगच डुप्लिकेट होता', असं सगळे म्हणतात. पण रंग बिचारा निर्दोष आहे! दोन वर्षांत दोनदा रंग लागला आणि दोन्ही वेळा तो त्याच जागी सुटला. आता सुट्टीत तिसऱ्यांदा लागणार, तोही आपल्याच होस्टेल फीमधून. म्हणून हा लेखनप्रपंच. (मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या!)

ही भिंत विटांची नाही, जिप्सम बोर्डची आहे. मधे जिप्समचा गाभा आणि दोन्ही बाजूंना जाड कागद. अशा बोर्डाच्या पूर्वजाचं पेटंट अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४ साली घेतलं. हे बोर्ड पत्र्याच्या चौकटीवर स्क्रूने बसवतात. दोन बोर्डांमधली फट नुसती लांबी भरून बुजवली, तर थोड्याशा हालचालीनेही तडा जातो. जिप्समला दाब सोसतो, ताण सोसत नाही. तो ताण घ्यायला सांध्यावर सुमारे ५० मिलिमीटर रुंद कागदी टेप जॉइंट कंपाउंडमध्ये दाबून बसवतात. काँक्रीटमध्ये सळई जे काम करते, साधारण तेच इथे टेप करते.

मग टेप सुटते कशी? मुख्य कारणं दोन. एक, तिच्याखाली कंपाउंड कमी पडलं, म्हणजे कागद कोरडाच राहिला. दोन, मागून ओल आली. त्यामुळे पहिलं काम प्लंबरचं, पेंटरचं नव्हे! गळती चालू असताना केलेली दुरुस्ती टिकत नाही. बोट दाबल्यावर बोर्ड मऊ लागला किंवा भुगा पडला, तर तेवढा तुकडा कापून नवा बसवावा लागतो.

बोर्ड वाळलेला आणि टणक असेल, तर पुढचं सोपं आहे. टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका उजेड टाका, फुगवटे लगेच दिसतात. बोटाने टिचकी मारत जा. पोकळ आवाज येईल तिथे टेप सुटलेली समजायची. ती नुसती ओढू नका, चांगला कागदही फाटेल. घट्ट भाग लागेपर्यंत दोन्ही टोकांना ब्लेडने काप द्या आणि मधली सैल पट्टी काढा. खालचा भुगा खरवडा. बोर्डाचा कागद सोलला गेला असेल, तर आधी त्यावर प्रायमर मारून वाळू द्या, नाहीतर तिथे पुन्हा फुगे येतात.

आता कंपाउंडचा सलग थर द्या, त्यावर नवी टेप ठेवा आणि पात्याने मधून बाहेर दाबत न्या. जास्तीचं कंपाउंड बाहेर यावं, पण टेपखाली पातळ थर राहायलाच हवा. तो वाळला की वरून आणखी दोन हात, प्रत्येक आधीपेक्षा रुंद, म्हणजे उंचवटा दिसत नाही. दोन हातांमध्ये साधारण एक दिवस जाऊ द्या, पावसाळ्यात त्याहून जास्त. मग बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, तोंडाला मास्क लावूनच. ती धूळ छातीला वाईट.

शेवटी प्रायमर. कोरडं कंपाउंड रंग जास्त पितं, त्यामुळे प्रायमर चुकवला की तेवढाच पट्टा निस्तेज दिसतो. त्यानंतर खुशाल रंगाचे दोन हात मारा.

थोडक्यात, खरा खर्च मटेरियलचा नाही, वाळायला लागणाऱ्या दिवसांचा आहे. म्हणून रेक्टर सरांना एक विनंती: कामाच्या ऑर्डरमध्ये गळती, टेप, प्रायमर, रंग हा क्रम लिहूनच द्यावा, आणि रंगाआधी एकदा टिचकी मारून बघावी. आणि मित्रहो, त्या आठवड्यात टेबलं हलवायला लागली तर कुरकुर करू नका. चौथ्यांदा पैसे भरण्यापेक्षा ते नक्कीच स्वस्त आहे!