जांभळ्या अक्षरांची चुगली

इंटरनेटवर काही शोधले की समोर येणाऱ्या यादीत काही लिंक निळ्या दिसतात, काही जांभळ्या. निळ्या अजून न उघडलेल्या, जांभळ्या एकदा पाहून झालेल्या. वाणसामानाच्या यादीत आणलेल्या जिनसेपुढे आपण बरोबरची खूण करतो ना, तशीच ही सोय. पण याच साध्याभोळ्या खुणेने कित्येक वर्षे आपली चुगली केली, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

वेबपानावरचे रंग, अक्षरांचा आकार, मांडणी हे सारे ज्या भाषेत ठरते तिला सीएसएस म्हणतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने तिची पहिली नियमावली डिसेंबर १९९६मध्ये मान्य केली. पाहिलेल्या लिंकला वेगळे रूप देण्याची तरतूद तीत होतीच. रंगरंगोटीच्या नियमांत चोराला काय मिळणार, असेच कुणालाही वाटले असते.

चोराला मिळाली खिडकी! एखाद्या संकेतस्थळाने आपल्या पानात शेकडो लिंक दडवून ठेवायच्या आणि ब्राउझरला एकेकीचा रंग विचारायचा. ब्राउझर बिचारा प्रामाणिक. ‘ही निळी, ही जांभळी’ असे सांगून मोकळा. झाले, तुम्ही कुठे कुठे जाऊन आलात त्याचा पाढा परक्याच्या हाती!

बँकेत नोकरी केलेल्याला ही युक्ती ओळखीची वाटेल. खातेदाराची शिल्लक परक्याला सांगायची नाही, हा तिथला पहिला धडा. पण कुणी फोनवर साळसूदपणे विचारतो, ‘अमक्यांचा पन्नास हजारांचा चेक वटेल का हो?’ ‘हो’ म्हटले की पुढचा प्रश्न साठ हजारांचा. आकडा कुणीच सांगितलेला नसतो, तरी चार ‘हो-नाही’त गुपित फुटते.

हा नुसता तर्क नव्हे. एपिक मार्केटप्लेस या अमेरिकी जाहिरात कंपनीने हीच क्लृप्ती वापरल्याचा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि डिसेंबर २०१२मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटले. लोकांनी वंध्यत्व, कर्जमुक्ती, दिवाळखोरी यांविषयीची पाने पाहिली का, हे ती हुडकत होती. घरातल्या माणसांपाशीही जे पटकन बोलवत नाही, नेमके तेच!

ही फट मोझिलाच्या तक्रारवहीत २००२मध्येच नोंदली गेली होती. तिथल्याच डेव्हिड बॅरन यांचा उपाय पुढे आला तो २०१०मध्ये. तो मोठा मजेदार आहे. ब्राउझरने तुमच्या डोळ्यांना जांभळा रंग दाखवायचा, पण पानाने विचारले की बेधडक ‘निळा’ म्हणून सांगायचे. शिवाय पाहिलेल्या लिंकचा फक्त रंग बदलता येईल. अक्षर मोठे झाले तर शेजारचा मजकूर सरकतो, आणि ते सरकणे मोजता येते. इतर ब्राउझरांनीही हीच वाट धरली. तरी पळवाटा निघत राहिल्या. अखेर २०२५मध्ये क्रोमने नियम आणखी आवळला. ज्या संकेतस्थळावरून तुम्ही लिंक उघडली, साधारणपणे तिथेच ती जांभळी दिसते.

सीएसएसच्या नव्या नियमावल्यांत आता खासगीपणा आणि सुरक्षितता यांची स्वतंत्र प्रकरणे असतात. नियम लिहिणाऱ्याने सोय कुणाची, एवढेच विचारून भागत नाही. ती सोय आणखी कुणाच्या कामी येईल, हेही त्याला आधीच विचारावे लागते. हे शहाणपण यायला बरीच वर्षे गेली. तोवर आपण मात्र निर्धास्तपणे लिंक उघडत होतो.